वाढत्या अंगाचा विषय

इतिहासात एम.ए. करायचं आणि त्याच्या जोरावर पुढे पीएच.डी., असा बेत मी घरात जाहीर केला तेव्हा कुणी रडलं नाही. कुणाचा घास हातात राहिला नाही. आईने फक्त मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली, जणू मी तीच मागितली होती. मामा तेवढा हसला. मामा हसायला लागला की आधी त्याचं पोट हसतं, मग खांदे, आणि चेहऱ्याला बातमी सगळ्यात शेवटी कळते.

"म्हणजे मेलेल्या माणसांच्या चौकशा करत बसायचं," चेहऱ्याला कळल्यावर तो म्हणाला. "ताई, तुझ्या पोराने धंदा मात्र झकास निवडलाय. एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन येणार नाही."

मामाचं नळ आणि पाइपांचं दुकान आहे. त्याला मूलबाळ नाही, त्यामुळे ते दुकान माझंच आहे असं मी सोडून बाकी सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मामाच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, गळणारी आणि न गळणारी. मी कुठल्या प्रकारात आहे हे तो पाहुण्यांना न विचारता सांगतो. दुकानात त्याच्या खुर्चीशेजारी माझ्यासाठी एक स्टूल राखून ठेवलेलं आहे. तूर्त त्यावर कमोडची झाकणं रचलेली असतात. मी गेलो की ती खाली येणार आणि मी वर जाणार. याला मामा बढती म्हणतो.

शेवटी बाबांनी निकाल दिला. बाबा बोलत नाहीत, निकालच देतात.

"विषय मंजूर झाला, गाईड मिळाला, आणि याच विषयावर पुढे पीएच.डी. होईल असं त्या लोकांनी तोंडाने सांगितलं, तर शीक. यातलं एक जरी हुकलं तरी मुकाट्याने दुकान."

"लेखी नको घ्यायला?" मामाने विचारलं.

"प्राध्यापकांचं लेखी कोण वाचतं!" बाबा म्हणाले.

विद्वत्तेबद्दल इतकं अचूक विधान आमच्या घराण्यात त्याआधी किंवा त्यानंतर कुणी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी इतिहास विभागात गेलो. फाटकातून आत शिरलं की समोर एक चर लागतो. इमारतीच्या पूर्ण लांबीभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेइतका खोल. तळाला हिरवं पाणी, ज्याला आता पाणी म्हणणं हा पाण्याचा अपमान आहे. ओलांडायला एक फरशी टाकलेली आहे आणि ती डुगडुगते. आधी डावा पाय, मग श्वास रोखायचा, मग उजवा पाय, हे इथे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. काटेकोरपणे पाहिलं तर तेवढंच शिकवतात. आतल्या प्रत्येक विद्वानाचं आयुष्य 'हे असं का झालं' असं विचारण्यात गेलेलं आहे, आणि त्यातला प्रत्येकजण रोज सकाळी पुस्तकं छातीशी कवटाळून त्या चरावरून बेडकासारखा पलीकडे येतो. चर कुणी खणला, कशाला खणला, हे एकानेही कधी विचारलेलं नाही.

आत गेल्यावर भिंतीवर काळपट्टी दिसते. लांबलचक लाकडी फळी, तिच्यावर शहराचा सगळा भूतकाळ आखलेला, आणि खाली ठिकठिकाणी पितळी पाट्या ठोकलेल्या. इथली पद्धत अशी, की प्रत्येक प्राध्यापकाच्या मालकीचा एक काळ असतो आणि त्या काळात त्याच्या परवानगीशिवाय कुणी काही शोधायचं नसतं. विद्यार्थ्याला गाईड मिळतो तो काळासकट. काळ शिल्लक नसेल तर गाईड नाही, गाईड नसेल तर विषय नाही. माणसं निवृत्त झाली की खुर्ची सोडतात, शतक सोडत नाहीत. मी बोट फिरवत फिरवत फळीच्या शेवटापर्यंत गेलो. कुठेही जागा नव्हती. माझ्या आधी येऊन गेलेल्या लोकांनी मागचं सगळं जग रुमाल टाकून अडवून ठेवलं होतं.

"नवीन का?" मागून आवाज आला. "चहा पाजणार असशील तर जागा दाखवतो."

हे प्रबंधकाका. विभागातले सगळ्यात जुने विद्यार्थी. त्यांचा प्रबंध 'जवळजवळ झालेला' आहे, आणि तो जवळजवळ व्हायला लागला तेव्हा मी शाळेत दप्तर विसरत होतो. काकांच्या वाट्याला एका वर्षाचा फक्त उत्तरार्ध आलेला होता. पूर्वार्ध दुसऱ्या एकाकडे होता आणि दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे काकांच्या प्रबंधातली माणसं वर्षाच्या मध्यावर एकदम दाढीमिशांसकट जन्माला येत.

कँटीनमध्ये काकांनी चहा बशीत ओतला आणि मला धडा दिला.

"एम.ए.चा लघुप्रबंध म्हणजे काय असतं सांग."

"छोटा प्रबंध?"

"कपडा असतो, कपडा. तुझी आई शाळेचा गणवेश कसा घ्यायची?"

"वाढत्या अंगाचा. दोन मापं मोठा."

"आणि जास्तीचं कापड?"

"आत दुमडून टाचायची."

"मग झालं तर! विषय सुरुवातीलाच पीएच.डी.च्या मापाचा घ्यायचा. पण एम.ए.ला वरचं तेवढं दाखवायचं. बाकीचं दुमडायचं आणि आतून टाका घालायचा. पीएच.डी.ला टाका उसवला की कपडा आपोआप लांब होतो. लोक काय करतात, एम.ए.लाच सगळं कापड वापरून टाकतात आणि पीएच.डी.ला उघडे फिरतात."

"तुमचं काय झालं, काका?"

काकांनी बशी उचलून तिच्याखाली बघितलं.

"दुमडलेलं कुठे ठेवलं ते सापडत नाहीये," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जागा दाखवली. फळीवर एके ठिकाणी लाकूड कोरं होतं. खाली पाटी नव्हती, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. डावीकडे लिहिलं होतं 'तह', उजवीकडे 'आग'.

आमच्या शहरात आजवर फक्त दोन गोष्टी घडल्या, असं शाळेपासून शिकवतात. इथे पूर्वी वरचं गाव आणि खालचं गाव अशी दोन गावं होती आणि ती एकमेकांची तोंडं बघत नसत. त्यांनी तह केला आणि एक शहर झालं, ही पहिली गोष्ट. त्यानंतर अकरा वर्षांनी भर बाजाराला आग लागून तो राख झाला, ही दुसरी. त्या राखेवर पुढे विद्यापीठ उभं राहिलं. बाजारात पूर्वी निदान ताजा माल यायचा.

तहापर्यंतचा काळ तहबाईंचा. बाईंनी त्यावर ग्रंथ लिहिलाय आणि त्याचं सार असं, की तह इतका उत्तम होता की नंतर निखळ शांतता नांदली. आगीपासूनचं पुढचं अख्खं शतक विभागप्रमुखांचं. म्हणून त्यांना सगळे शतकसर म्हणतात, त्यांनी मैदानात कधी एक धाव काढलेली नसूनही. सरांच्या ग्रंथाचं सार असं, की आग कशानेही लागली नाही, ती नुसती लागली, आणि शहराने कोऱ्या पाटीवर नवी सुरुवात केली. मधली अकरा वर्षं कुणाचीच नव्हती.

"कुणी का नाही घेतली?" मी विचारलं.

"त्यात काही घडलंच नाही म्हणून."

"पण कुणी बघितलंय का?"

"काहीच घडलं नसेल तर बघणार काय, डोंबल?" काका म्हणाले आणि दुसऱ्या चहाची खूण केली.

शतकसरांची खोली इमारतीच्या डाव्या टोकाला आणि तहबाईंची उजव्या. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप द्यायचा झाला तर विभागाच्या नियतकालिकात तळटीप लिहितात. शिपायाला रजा हवी असली तरी त्याला पुढच्या अंकाची वाट बघावी लागते.

मी आधी डावीकडे गेलो.

"अकरा वर्षं हवीत? घे की," सर म्हणाले. ते उदार झाले की डोळे मिटतात. "पण सिद्ध काय करणार?"

"काय घडलं ते शोधीन, सर."

त्यांनी डोळे उघडले. "इथेच चुकतोस. काही घडलेलं निघालं तर आगीला कारण मिळेल. कारण मिळालं की माझं पहिलं प्रकरण गेलं. उरलेली प्रकरणं त्या पहिल्याच्या खांद्यावर उभी आहेत. माझी निवृत्ती जवळ आलीय रे, या वयात मला कारणं परवडत नाहीत. तू असं कर, काहीही घडलं नाही हे सिद्ध कर. अगदी नवीन विचार आहे. एम.ए.ला थोडंसं न घडलेलं घे, पीएच.डी.ला सगळंच न घडलेलं. मी स्वतः शेवटपर्यंत नेतो तुला."

मग मी उजवीकडे गेलो. तहबाई समोरच्याला 'तुम्ही' म्हणतात. त्यात आदर नसतो, अंतर असतं.

"शांतता म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"भांडण नसणं."

"पुरावा नसणं. तुम्हाला पुरावा सापडला की शांतता भंगली."

"आणि समजा सापडलाच, मॅडम?"

"तर तुम्ही वाचायला चुकलात."

अशा रीतीने दोघंही माझे गाईड व्हायला तयार झाले. विषय ठरला, 'तह ते आग : न घडलेल्या अकरा वर्षांचा चिकित्सक अभ्यास'. आता फक्त विषय-समितीची बैठक बाकी होती. तिथे बाहेरच्या विद्यापीठातले एक तज्ज्ञ येऊन मान हलवणार, की मी स्टुलापासून कायमचा सुटणार. काहीच न करण्यासाठी विद्यापीठ मला बोलावत होतं. माझ्या अंगच्या गुणांना असा न्याय आयुष्यात प्रथमच मिळत होता.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात मामा विभाग बघायला आला. स्थळ बघायला आल्यासारखा आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आल्या आल्या फाटकातच अडकला.

"हे काय आहे?"

"चर आहे. आधी डावा पाय टाक."

"चर नाही पंडित, हे गटार आहे." मामा मला पंडित म्हणतो. त्याच्या तोंडी ती शिवी आहे. तो दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि त्याने खिशातून पाणसळ काढली. लोकांच्या खिशात पेन असतं, मामाच्या खिशात पाणसळ असते, ती चिमुकली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. ती त्याने चराच्या दगडी काठावर ठेवली. "बघ. बुडबुडा मधोमध. म्हणजे ना या अंगाला उतार, ना त्या अंगाला. असं कुणी गटार करतं का? हा हौद झाला! कुणा गाढव कंत्राटदाराचं काम आहे, सांगतो ना मी तुला, गेल्या उन्हाळ्यातलं."

चराच्या भिंतीतून मांडीएवढं जाड मूळ बाहेर आलेलं होतं. तेही गेल्या उन्हाळ्यातलंच असावं.

मामा पुढे सर्व खोल्या हिंडला, नळ सोडून-बंद करून पाहिले, आणि विभाग गळका आहे असा शेरा मारून निघून गेला. पण मी मात्र घोटाळलो. त्या फरशीवरून मी इतके दिवस उड्या मारत होतो, आणि खाली बघायला मला मामा लागला, याचा मला संताप आला. संताप आला की माणूस काय वाटेल ते करतो. मी ग्रंथालयात गेलो.

नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं सगळ्यात खालच्या फळीवर होती. छापील, जाडजूड, कुणीही उचलून वाचावीत अशी उघड्यावर. फक्त पानं अजून एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यातून आल्यापासून कुणी ती कापलीच नव्हती. मी पट्टीने एकेक पान कापत गेलो, आणि ती अकरा वर्षं माझ्या मांडीवर उलगडत गेली.

त्या अकरा वर्षांत पालिकेने एकच विषय चघळला होता. गटार.

वरच्या गावाला गटार हवं होतं. पाणी अर्थातच खालच्या गावाकडे जाणार होतं. पण तहात एक कलम होतं, की कोणत्याही गावाने आपलं ओझं दुसऱ्यावर टाकू नये. खालच्या गावाच्या सभासदांनी ते कलम फडकावलं आणि ठराव मांडला की गटाराचा उतार वरच्या गावाकडे असावा. ठराव बहुमताने मंजूर झाला, कारण मतदानाच्या वेळी वरचे लोक जेवायला गेले होते. पाणी चढावर जात नाही, असं पालिकेच्या इंजिनियराने नम्रपणे कळवलं. पाण्याची बाजू घेतल्याबद्दल त्याच्यावर ठपका ठेवण्यात आला. पुढे शिष्टमंडळं झाली, उपोषण झालं, एका सभेत एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर दौत फोडली. मग नवा इंजिनियर आला. हा जास्त शिकलेला होता. त्याने तोडगा काढला की उतार कुठेच देऊ नये. गटार अगदी सपाट खणण्यात आलं. उद्घाटनाला दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. पाणी जागच्या जागी उभं राहिलं ते आजतागायत उभं आहे.

आणि मग आग. पाण्याचा बंब धावत आला आणि गटाराच्या काठाशी थांबला, कारण पलीकडे जायला फळी नव्हती. फळी कुठल्या बाजूने टाकायची यावर दोन्ही बाजूंची माणसं हमरीतुमरीवर आली. तातडीची सभा बोलावण्यात आली. फळीचा ठराव चर्चेला असतानाच सभा तहकूब करावी लागली, कारण सभागृह बाजारातच होतं.

मी खंड मिटला. तहबाईंची शांतता, शतकसरांचा योगायोग, दोन्ही एकाच गटारात बुडालेले होते आणि ते गटार दोघांच्या दारासमोर होतं. आणि मी? पाइपांच्या दुकानातून जीव घेऊन पळालो तो थेट सांडपाण्यात येऊन पडलो होतो. नशिबाला माझ्या बाबतीत विषय बदलायची इच्छाच नव्हती.

काकांना सांगितलं तेव्हा ते आनंदाने टेबल बडवू लागले.

"अरे, सोन्यासारखं कापड आहे हे! आता सगळं आत दुमड."

"सगळं?"

"सगळं! वर काय दिसलं पाहिजे? काही घडलं नाही. समितीपुढे एवढंच बोलायचं आणि मान खाली. एकदा पीएच.डी.ला नाव लागलं की मग उसव हवं तेवढं."

मला ते पटलं. का पटू नये? मला दुकान चुकवायचं होतं. सत्याला घाई नव्हती, ते इतकी वर्षं खालच्या फळीवर आरामात पडून होतं.

बैठकीच्या दिवशी बाबा आणि मामा दोघंही आले. बाबांना ते 'तोंडाने' स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं, आणि मामाला मी नापास झालो तर तिथून परस्पर दुकानात न्यायचं होतं. दोघं खिडकीबाहेर, चराच्या काठाशी उभे राहिले. खिडकीतून मामाचं फक्त पोट दिसत होतं. ते आत्ताच हसायला लागलं होतं.

बाहेरचे तज्ज्ञ हे एक प्रशस्त गृहस्थ होते. त्यांनी आजवर शेकडो विषयांना मान्यता दिली होती आणि एकही वाचला नव्हता, त्यामुळे त्यांना सगळीकडून बोलावणी येत. त्यांना डाव्या पायाचा नियम कुणी सांगितला नाही. ते रुबाबात आले, फरशीवर उजवा पाय टाकला आणि आमच्या डोळ्यांदेखत उंचीने निम्मे झाले.

बाबा आणि मामाने त्यांना काखेत हात घालून बाहेर काढलं.

"नशीब समजा साहेब, उतार नाही," मामा म्हणाला. "नाहीतर वाहत गेला असतात."

त्यांचा एक बूट आतच राहिला. बैठक सुरू झाली तेव्हा ते खुर्चीत बसले होते, कमरेच्या खाली हिरवे, एक पाय बुटात आणि एक नुसत्या मोज्यात. खोलीत तोच वास पसरला जो त्या अकरा वर्षांत पालिकेला रोज येत असणार. सगळे प्राध्यापक तो येत नसल्यासारखे बसले होते. त्याची त्यांना सवय असते.

मी उभा राहिलो आणि ठरल्याप्रमाणे म्हणालो, "तह आणि आग यांच्या मधल्या काळात काहीही घडलं नाही, असं मी दाखवणार आहे."

शतकसरांनी डोळे मिटून मान हलवली. तहबाईंनी डोळे उघडे ठेवून हलवली.

"ते असू दे," तज्ज्ञ म्हणाले. "ते बाहेरचं कुणी खणलंय?"

सगळ्यांनी आपापले कागद चाळायला घेतले.

"मी विचारतोय, ते गटार कुणी खणलं? इतके इतिहासकार बसलाय ना तुम्ही?"

"ते पालिकेच्या अखत्यारीत येतं," शतकसर म्हणाले.

"माझ्या काळातलं नाही," तहबाई म्हणाल्या.

"माझ्याही नाही."

"मग कुणाच्या काळातलं आहे?" तज्ज्ञांनी मोज्यातला पाय उचलून टेबलावर ठेवला. मोजा ठिबकत होता. "सगळा भूतकाळ तुम्ही आपसात वाटून घेतलात आणि माझा बूट नेमका बेवारस काळात पडला, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी गप्प बसणार होतो. खरंच बसणार होतो. गप्प बसलो की दुकान चुकत होतं, इतकं सोपं गणित होतं. पण त्या खोलीत कुणीतरी एक प्रश्न विचारला होता आणि तो माणूस उत्तरासाठी खरोखर थांबला होता. हे त्या इमारतीत पूर्वी झालं नव्हतं आणि पुन्हा होण्याची चिन्हं नव्हती. शिवाय ते दोघं ज्या निर्विकार चेहऱ्याने 'माझ्या काळातलं नाही' म्हणाले, तो चेहरा बघून मला तोंड उघडणं भाग पडलं.

"माझ्या काळातलं आहे," मी म्हणालो.

आणि मग सगळं सांगितलं. कलम, चढावरचा उतार, पाण्याची बाजू घेणारा इंजिनियर, दौत, सपाट तोडगा, फळीचा ठराव. तज्ज्ञ एकदाही पेंगले नाहीत. दौतीपाशी तर त्यांनी 'पुन्हा सांग' म्हणून फर्माईश केली. शतकसर हळूहळू खडूच्या रंगाचे झाले. तहबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली, जणू मी त्यातून तह काढून घेणार होतो.

"बस्स, हाच विषय," तज्ज्ञ म्हणाले. "मंजूर. आणि तुम्ही दोघं गाईड. माझ्या बुटाची शपथ."

तेव्हा शतकसर तहबाईंकडे वळले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा, तळटीप न वापरता, बोलले.

"बाई, आपण याला आवर घालायला हवा."

"अगदी माझ्या मनातलं बोललात, सर."

दोघं कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. शांतता नांदताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि दिसायला ती कटासारखीच असते. परत आल्यावर सरांनी अटी सांगितल्या.

"गटार घे. पण आगीपर्यंत यायचं नाही. त्या गटारामुळे पुढे काय झालं, यावर एक ओळ नको."

"आणि तहापासून निघायचं नाही," बाई म्हणाल्या. "ते कशामुळे झालं, यावर अर्धी ओळ नको."

"म्हणजे नुसतं गटार?" मी विचारलं. "मागे काही नाही, पुढे काही नाही?"

"नुसतं," दोघं एका सुरात म्हणाले.

दाराच्या फटीतून प्रबंधकाका डोकावत होते. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत कापड दुमडल्यासारखं केलं, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, आणि टाका घातला.

"मान्य," मी म्हणालो. "फक्त यावर पुढे पीएच.डी. होईल, एवढं तोंडाने सांगा. खिडकीकडे बघून, प्लीज. बाहेर बाबा उभे आहेत."

"होईल!" तज्ज्ञ खिडकीतून ओरडले. त्यांना परतायची घाई झाली होती. बाबांनी बाहेरून मान डोलावली. निकाल लागला. मामाचं पोट हसायचं थांबलं.

तेवढ्यात तज्ज्ञांनी जाता जाता आपली अट घातली. "या पोराच्या तोंडी परीक्षेला मी येईन तेव्हा ते गटार बुजलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर मी येणार नाही." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मामा दारात हजर होता. एका हातात तज्ज्ञांचा बूट आणि दुसऱ्या हातात टेप. असा माणूस वर्गात शिकवून तयार होत नाही, तो जन्मावा लागतो.

"पाइप टाकून वरून माती लोटून देतो, साहेब. काम एकदम पक्कं. फक्त उतार कुठल्या बाजूला देऊ तेवढं सांगा."

"बाईंच्या बाजूला," शतकसर म्हणाले. "जमीन आपोआपच तिकडे उतरते."

"माझ्या खिडकीखाली?" तहबाई उभ्या राहिल्या. "मुळीच नाही. सरांच्या बाजूला न्या."

"तो चढ आहे, बाई!"

"मग तुमच्या पाण्याचं ओझं मी का घेऊ?"

कुणीतरी म्हणालं की मतदान घ्यावं. कुणीतरी म्हणालं, आधी जेवून येऊ. शेवटी सरांनीच दोन्ही हात वर करून तोडगा काढला.

"असं करू या. कुणाच्याच बाजूला नको."

"हे चालेल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे सपाट?" मामाने विचारलं.

"अगदी सपाट."

मी मामाकडे पाहिलं. असं गटार करणाऱ्याला गाढव म्हणणारा माणूस माझ्यासमोर उभा होता. त्याने पाणसळ काढली, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा खिशात घातली.

"सपाट तर सपाट," तो म्हणाला. "विद्वानांच्या मर्जीबाहेर आपण कशाला जायचं?" मग माझ्या पाठीत गुद्दा घालून हळूच म्हणाला, "पंडित, चांगली गिऱ्हाइकं आहेत रे तुझी. असं काम दर दोन वर्षांनी परत करावं लागतं."

पाइप दुसऱ्याच दिवशी आले. टाकताना मामाला एक बाजू धरायला माणूस कमी पडला, म्हणून टेपचं दुसरं टोक धरून मी त्या हिरव्या पाण्यात उभा राहिलो, पदव्युत्तर शिक्षणाच्या माझ्या पहिल्या दिवशी. काठावरून शतकसर आणि तहबाई शेजारी शेजारी उभे राहून बुडबुडा मधोमध आहे ना, हे वाकून वाकून बघत होते.

हे पुढे कसं होणार होतं, ते मी वाचलेलं होतं. पाणी उभं राहणार, शिष्टमंडळं येणार, दौत नाही तर निदान संगणक तरी कुणाच्या डोक्यात बसणार. 'हे आधीही असंच झालंय' एवढं एक वाक्य बोललो असतो तर थांबलं असतं.

मी बोललो नाही. तेवढं कापड आत दुमडलं आणि टाचून टाकलं. पीएच.डी.ला लागणार.